उजव्या स्पीकरमधली घरघर

आमच्या घरचा टेलिफोन इनासने जोडला होता. तो टेलिफोन खात्यातच होता, पण त्याच्याच खात्यातल्या कुणीतरी केलेली जोडणी त्याला पसंत पडली नाही. एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो पिशवी घेऊन आला, जिन्यापासून टेबलापर्यंतची सगळी तार उपटली आणि नवी ओढली. काम झाल्यावर रिसीव्हर माझ्या कानाला लावून म्हणाला, “ऐक. टोनशिवाय काही ऐकू येतं? नाही ना? मग झालं काम.” गेल्या डिसेंबरात सकाळी सात-सव्वासातला त्याच फोनवर त्याच्या मुलीचा, फिलूचा, आवाज आला. “सदाकाका, पप्पा गेले...” तार इतकी स्वच्छ होती की तिच्यामागे कुणीतरी कपबशा ठेवत होतं, तेही मला ऐकू येत होतं.

इनासने साठीही गाठली नव्हती. जेवून झोपला तो पहाटे उठलाच नाही. अशा मरणाला लोक भाग्याचं मरण म्हणतात. जमलेल्यांपैकी चारपाच जणांनी तरी मला तसं सांगितलं आणि मी मान हलवत राहिलो. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा जे चाललं होतं ते फारसं चांगलं नव्हतं. मला वाटत होतं, आता सांगायचं कुणाला? इनासजवळ मला एक खोटं कबूल करायचं होतं. आठ वर्षं कबूल करायचं होतं. दर नाताळला ठरवायचो, आणि दर नाताळला त्याच्या ओट्यावर बसून केक खाऊन परत यायचो.

मी आयुष्यभर गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. गेलेल्या माणसांवरचे कितीतरी लेख माझ्या हाताखालून गेले, आणि त्यातला प्रत्येक माणूस हसतमुख, दिलदार आणि सगळ्यांना हवाहवासा असायचा. इनास हसतमुख नव्हता. तापट होता, हट्टी होता, आणि एकदा का एखाद्या माणसावर फुली मारली की ती खोडायचा नाही. पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याला पुन्हा तपासून बघायचा नाही. हा दुसरा गुण त्याला फार महागात पडला, आणि तो माझ्यामुळे पडला. म्हणून हा लेख मी लिहितो आहे.

आम्ही वसईला राहायला आलो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. फ्लॅट दाखवताना बिल्डरने गच्चीवर नेऊन चर्चचे मनोरे दाखवले होते, केळीच्या वाड्या दाखवल्या होत्या. नळाला पाणी येत नाही एवढं दाखवायचं राहून गेलं होतं. टँकर आला तर आला. कुंपणापलीकडे इनासची वाडी होती. केळी, थोडी पानवेल, विहीर, आणि कडेला बावखल. वाडीतल्या त्या तळ्यात पावसाचं पाणी मुरायचं आणि विहीर उन्हाळाभर टिकायची. बावखलाचा निम्मा भाग इनासच्या चुलत्याने आधीच विकला होता आणि तो बुजवून त्यावर आमचीच इमारत उभी होती, हे मला पुढे कळलं. एका दुपारी दोन बादल्या घेऊन मी त्याच्या फाटकाशी उभा राहिलो.

“फ्लॅटवाले का?” त्याने विचारलं. हो म्हटलं.

“जागा घेताना काय बघितलं मग? पाणी सोडून?”

त्याने पंप सुरू केला आणि बादल्या भरेपर्यंत माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. निघताना माझा हात खिशाकडे गेला तसा तो एकदम भडकला. “पाण्याचं आम्ही काही घेत नाही. पुन्हा हात खिशात गेला तर फाटक बंद.” त्यानंतरचे चार उन्हाळे आमच्या घरचा भात इनासच्या विहिरीच्या पाण्यावर शिजला. माझ्या बायकोने, मालतीने, एकदा पुरणपोळ्या पाठवल्या तर डबा केळी भरून परत आला. त्याच्यासाठी काही करायला तो जागाच ठेवायचा नाही. हे मला कुठेतरी सलत असे.

पाण्याने झालेली ओळख रेकॉर्डींमुळे घट्ट झाली. माझ्याकडे वडिलांच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी होत्या आणि त्या वाजवायला काही नव्हतं. इनासकडे टर्नटेबल होतं, मस्कतला असलेल्या आतेभावाने आणलेलं. रविवारी संध्याकाळी मी दोनतीन रेकॉर्डी काखेत मारून त्याच्याकडे जाऊ लागलो. त्याची एक सवय होती. पहिली रेकॉर्ड लावण्याआधी तो सुई वरच ठेवायचा, आवाजाचं बटण पूर्ण फिरवायचा आणि स्पीकरला कान लावून उभा राहायचा. “आधी काहीच नाही ते ऐकू या,” म्हणायचा. स्पीकरमधून जराही घरघर आली तर रेकॉर्ड लागायची नाही, चहा मिळायचा आणि मी घरी यायचो.

इनासची बायको लवकर गेली होती. घरात तो, शाळेत जाणारी फिलू आणि त्याचे वडील सांतानबाबा. बाबांनी चर्चच्या गायनमंडळात चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवलं होतं. बोटं वाकडी झाल्यापासून व्हायोलिन खुंटीवर गेलं आणि तिथेच राहिलं. ते तरुण असताना एका पाद्रींनी सगळ्या मंडळाला मुंबईला नेऊन एक रेकॉर्ड करवून घेतली होती. मोजक्याच प्रती निघाल्या. त्यातली एक बाबांच्या कपाटात होती. दुसऱ्या बाजूला शेवटी तीनेक मिनिटं नुसतं बाबांचं व्हायोलिन होतं. बाबांनी ती रेकॉर्ड कित्येक वर्षांत ऐकली नव्हती, आणि आता त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता, उजवाही जात चालला होता. उरलंय ते वर्षभरही टिकणार नाही, असं डॉक्टरांनी इनासला सांगितलं होतं. इनासने मनाशी ठरवून टाकलं, बाबांना ते व्हायोलिन एकदा नीट ऐकवायचं. एकदाच, पण नीट.

नेमकं त्याच सुमाराला आमच्या सोसायटीसाठी विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर बसला. बसला तो कुंपणाला लागून, इनासच्या खोलीच्या खिडकीपासून पंधरा पावलांवर. त्या दिवसापासून त्याच्या स्पीकरमध्ये घरघर आली ती जाईचना. त्याने ट्रान्सफॉर्मरकडे बघत दोन-तीन दिवस शिव्या घातल्या, आमच्या चेअरमनलाही घातल्या, आणि मग कामाला लागला. “ट्रान्सफॉर्मर काही हलत नाही,” तो म्हणाला. “मग आपण टेलिफोनसारखं करू.”

त्याने मला जे समजावलं ते मला कळलं तसं सांगतो. टेलिफोनच्या दोन तारा विजेच्या तारांच्या शेजारून कोसच्या कोस जातात, तरी आपल्याला पलीकडच्या माणसाचा आवाज स्वच्छ येतो. कारण बाहेरची घाण दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि पलीकडचं यंत्र फक्त दोन तारांमधला फरक ऐकतं. जे सारखं ते वजा. टर्नटेबलची सुई ज्यात बसते त्या इवल्याशा डबीला, कार्ट्रिजला, प्रत्येक बाजूच्या अशा दोन-दोन तारा असतातच. नेहमीच्या जोडणीत त्यातली एक जमिनीला जोडून टाकतात आणि मग घाण तिच्यावाटे आत शिरते. “आपण जोडायची नाही. माइकला असतो तसा तीन पिनांचा प्लग लावायचा. दोन पिना जोडीच्या, तिसरी फक्त बाहेरच्या वेष्टणाची. आणि सुईचा बारीक आवाज वाढवणारा, दोन्ही तारा ऐकणारा प्रीअँप करायचा. बॅलन्स्ड. अट एकच, सदा. जोडीतल्या एकाही तारेला कुठे म्हणजे कुठेही जमिनीला टेकू द्यायचं नाही.”

तो प्रीअँप त्याने स्वतः बांधला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी रोज गिरगावला जायचो. इनास यादी द्यायचा, पैसे आधी हातात ठेवायचा, आणि चुकीचा भाग आणला की शाळेतल्या पोरासारखं मला झापायचा. पत्र्याची पेटी, पुढे एकच बटण, मागे ते तीन-तीन पिनांचे प्लग... पाच महिने लागले. मग लक्षात आलं की सुई झिजली आहे. असल्या सुईने बाबांची रेकॉर्ड लावली असती तर ती खरवडून निघाली असती. नवं कार्ट्रिज त्याच्या आवाक्याबाहेर होतं. फिलूच्या शाळेचं वर्ष सुरू झालं होतं, घराचं छप्पर शाकारायला झालं होतं.

इथे मी पहिलं खोटं बोललो. दुकानातून एक चांगलं नवं कार्ट्रिज घेतलं, आणि इनासला सांगितलं की आमच्या छापखान्याच्या मालकांच्या मुलाने नवी सिस्टीम घेतली, जुनं सगळं टाकून दिलं, त्यातलं हे मी उचललं. आमच्या साहेबांना दोन मुलीच होत्या. मुलगा मी तिथल्या तिथे जन्माला घातला. कार्ट्रिज नवं आहे हे कळू नये म्हणून त्याचं खोकं लोकलमध्येच टाकलं, ते फिल्मच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळलं, आणि खोक्यातला घडीचा कागद माझ्या शब्दकोशात सरकवून ठेवला. छापलेला कागद टाकून देणं माझ्याच्याने होत नाही. वाचला मात्र नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातला स्वल्पविरामसुद्धा न सोडणाऱ्या माणसाने ते हातभर पत्रक उलगडूनही बघितलं नाही. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. चार उन्हाळ्यांच्या पाण्यातलं थोडं तरी फेडलं असं वाटत होतं.

कार्ट्रिज बसलं, प्रीअँप जोडला गेला, आणि उजव्या स्पीकरमधून घरघर आली. डावा अगदी स्वच्छ, उजवा घरघरतोय. इनासने उजव्या बाजूचा भाग न् भाग बदलला, तरी घरघर तिथेच. टर्नटेबलच्या दांडीतल्या तारा त्याने मीटरने तपासल्या, कार्ट्रिज काढून ठेवून. कार्ट्रिजला मात्र मीटर लावायला तो तयार नव्हता. “आतली तार केसाहून बारीक आहे. मीटरच्या बॅटरीने जळाली तर परत कुठून आणू?” हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. टेलिफोनवाला म्हणून तो जी काळजी घेत होता, तीच त्याच्या आड येत होती.

शेवटी बाबांचा कान आणखी थांबेना, म्हणून नाताळनंतरच्या रविवारी त्याने रेकॉर्ड लावायचं ठरवलं. डावीकडून तरी ऐकू येईल, असं त्याला वाटलं. बाबा मिस्सेला जातानाचा पांढरा शर्ट तसाच घालून आरामखुर्चीत बसले. पण त्यांचा जिवंत कान उजवा. त्यांनी आपणहून खुर्ची वळवली आणि तो कान उजव्या स्पीकरजवळ नेला. इनासने सुई टेकवली. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “इनास, वीरीवरचा पंप बंद कर. पानी संपंल.”

“पंप बंदच आहे, बाबा.”

“मंग ह्ये काय वाजतं?”

इनासने फिलूला विहिरीवर पिटाळलं. ती धावत गेली, धावत आली, बंद आहे म्हणाली. बाबांनी मान हलवली. “नीट बघून ये जा.” ती पुन्हा गेली. तेवढ्यात समूहगान संपलं आणि व्हायोलिन सुरू झालं. मला ते ऐकू येत होतं. बारीक, किंचित थरथरणारं, फार सुंदर. म्हाताऱ्या कानातून वरचे सूर आधी जातात, भरड आवाज शेवटपर्यंत राहतो. बाबांना घरघर ऐकू येत होती, व्हायोलिन नव्हतं. ते शेवटपर्यंत बसून राहिले आणि सुई वर उचललेली बघून उठले. इनासने त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, “व्हायोलिन, बाबा? ऐकू आलं?” बाबा हसले आणि म्हणाले, “वाजवलंच असंल. मी व्हतो ना तिथं.”

इनासने रेकॉर्ड पुसून कपाटात ठेवून दिली.

त्याच आठवड्यात विहिरीच्या कठड्यावर बसून त्याने मला विचारलं. तो प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो. “सदा, एक विचारू? साहेबांच्या मुलाने हे कार्ट्रिज का टाकलं? घरघर यायची म्हणून तर नाही? संशय फिरून फिरून त्याच्यावरच येतो. तेवढं विचारून सांगशील?” खरं सांगायची ती वेळ होती. कार्ट्रिज नवं आहे, त्याचं पत्रक माझ्याकडे आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मला ते पहिल्या दिवसाचं फाटक दिसलं. हा चिडेल, कार्ट्रिज काढून हातात देईल, रविवार बंद होतील... आणि खरं तर माझ्या गुपचूप केलेल्या उपकाराचा मला थोडा अभिमानही होता, तो मोडवेना. मी म्हणालो, “विचारायचं काय त्यात? मी स्वतः ऐकलंय त्याच्याकडे. अगदी स्वच्छ वाजायचं.”

“तू ऐकलंस?”

“हो.”

“मग कार्ट्रिजचा प्रश्न मिटला,” तो म्हणाला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे त्याने संशयितांची यादी केली होती. आत जाऊन त्याने कार्ट्रिजवर काट मारली.

पुढच्या तीन महिन्यांत त्या माणसाने जे केलं ते आठवलं की माझा मलाच राग येतो. विहिरीजवळ पुरुषभर खड्डा खणून त्याने तांब्याचा पत्रा, कोळसा आणि मीठ घालून नवं अर्थिंग केलं. दांडीतल्या तारा काढून नव्या घातल्या. प्रीअँपची उजवी बाजू तीनदा उकलून तीनदा जोडली. ड्युटीवरून यायचा तो चप्पल न काढताच त्या खोलीत शिरायचा. बाबा दर रविवारी विचारायचे, “झाला का रं तुजा रेडू?” होईल, बाबा, म्हणून तो ओरडून सांगायचा. पुढे पुढे बाबांना ते ओरडलेलंही ऐकू जाईना, तेव्हा तो नुसता हात हलवायचा. घरघर गेल्याशिवाय रेकॉर्ड पुन्हा लावायची नाही, हा त्याचा हट्ट होता. दर वेळी ती थोडी झिजते म्हणायचा. ईस्टरला दहा दिवस असताना सांतानबाबा गेले.

मृत्यूनंतर महिन्याने होणाऱ्या बाबांच्या मिस्सेला वाटायची स्मृतिपत्रिका आमच्या छापखान्यात छापायची ठरली. इनासने मजकूर लिहून दिला. घरी तो मजकूर तपासत असताना एका शब्दाची खात्री करावी म्हणून मी शब्दकोश काढला आणि ते पत्रक माझ्या मांडीवर पडलं. या वेळी मी ते वाचलं. एका चौकोनात कार्ट्रिजच्या मागच्या बाजूचं चित्र होतं, चार पिना, आणि त्यातल्या उजव्या बाजूच्या हिरव्या पिनेकडे एक बाण. त्या पिनेपासून कार्ट्रिजच्या अंगापर्यंत पत्र्याची एक बारीक पट्टी असते, ती त्या पिनेला जमिनीला जोडते. बॅलन्स्ड यंत्राला जोडायचं असेल तर ती काढून टाकावी. साध्या इंग्रजीत तीन ओळी. इनासने सांगितलेली ती एकच अट. मालतीने काय झालं विचारलं तेव्हा मी पत्रक घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर न जाता मी त्याच्याकडे गेलो. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो, पत्रक खिशात होतं. फाटक उघडून दिलं त्याने. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, “साहेबांच्या मुलाला विचारलं काल. तो म्हणतो, हिरव्या पिनेवर एक पट्टी असते, ती काढून बघा.” इनासने कार्ट्रिज उतरवलं, भिंग लावून बघितलं. नखाच्या कातरणाएवढी पट्टी होती ती. चिमट्याने ओढली तशी सुटून आली. कार्ट्रिज बसवलं, सुई वरच ठेवली, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि दोघेही उजव्या स्पीकरला कान लावून उभे राहिलो. काहीच नाही. बाहेर केळीची पानं हलत होती ती ऐकू येत होती. इनास बाबांच्या खुर्चीत बसला. रिकाम्या खोलीकडे बघत म्हणाला, “बाबा, पंप बंद केला.” आणि मग तो रडला. लहान मुलासारखा, तोंड न झाकता.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात मला अजून टोचतो.

निघताना तो म्हणाला, “त्या मुलाचे आभार मान माझ्या वतीने.” तेवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरलो असतो कदाचित. पण पुढच्या नाताळला त्याने माझ्या हातात एक पुडी ठेवली. सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात आठवडाभर वाळवायची, रोज हाताने फिरवायची, मऊ तांबूस झाली की सुक्या केळपानात बांधायची. वसईतही आता हे करणारी घरं थोडीच राहिली आहेत. बारा सुकेळी, वर सुतळी. “साहेबांच्या मुलासाठी,” इनास म्हणाला. “पाण्याचं आम्ही घेत नाही, पण ह्याचं द्यायला पाहिजे.” ती पुडी मी छापखान्यात नेली आणि कंपोझिंगवाल्यांना वाटून टाकली. त्यानंतर दर वर्षी पुडी यायची. मुलाचं लग्न झालं का, तो विचारायचा. मी झालं म्हटलं. मग एका वर्षी त्याला मुलगीही झाली. इनासने त्या वर्षी दोन सुकेळी जास्त बांधली. मी स्वतः सुकेळं तोंडात घालू शकत नसे. छापखान्यातले लोक मिटक्या मारत खायचे आणि मी मुद्रितात डोकं खुपसून बसायचो. सात पुड्या अशा गेल्या.

इनासच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, जानेवारीत, फिलू मला घरी घेऊन गेली. ती आता शाळेत शिकवते. टर्नटेबल तिथेच, प्रीअँप तिथेच, बाबांची खुर्चीही तिथेच. तिने फडताळातून पुडी काढली. केळपान, सुतळी. “पप्पांनी नोव्हेंबरातच बांधून ठेवली होती. साहेबांच्या मुलासाठी. तुम्ही न्याल ना?” मी हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. मी तिला सगळं सांगितलं. खुर्चीत बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. मुलगा नाही, कधीच नव्हता, कार्ट्रिज नवं होतं, तुझ्या पप्पांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आठ वर्षं पाकिटात बाळगलेलं पत्रक तिच्या हातात दिलं. घड्यांवर विरलं होतं, पण तीन ओळी नीट वाचता येत होत्या.

तिने त्या वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

“म्हणजे आजोबांना ऐकू आलं असतं.”

“हो.”

“मी दोनदा गेले होते विहिरीवर,” ती म्हणाली. “आजोबांना वाटलं मी नीट बघत नाही. मलाही कितीतरी वर्षं वाटायचं, कदाचित मी नीट बघितलं नसेल.”

मला वाटलं होतं ती मला जा म्हणेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. ती दोन्ही म्हणाली नाही. तिने पत्रक प्रीअँपच्या पेटीखाली सरकवलं. मग सुतळी सोडली, केळपान उलगडलं आणि पुडी माझ्यापुढे धरली. “मग ही तुमची. खा.”

मी एक उचललं. फार गोड होतं. ते संपेपर्यंत ती समोर उभी राहून बघत होती. उरलेली पुडी मी उचलायला गेलो तर तिने ती फडताळात ठेवली. “घरी नेऊ नका. रविवारी इथे येऊन खायची. एका वेळी एक.”

तेव्हापासून मी जातो. ती दार उघडते, सुई वर ठेवून आवाजाचं बटण पूर्ण फिरवते, आणि आम्ही दोघं उजव्या स्पीकरजवळ उभे राहतो. मग ती एक सुकेळं माझ्या हातावर ठेवते. बोलत फारशी नाही. बाबांची रेकॉर्ड कपाटात आहे, ती तिने अजून लावलेली नाही, आणि लाव म्हणायचा अधिकार मला नाही. तीन रविवार झाले. पुडीत अजून आठ आहेत.